मदत हवी: जि.प. शाळेसाठी ७५ इंची पॅनल कोणता घ्यावा? १५ जूनच्या आत बसवायचाय

गिरणाकाठ
पाचवी ते आठवीची जि.प. शाळा, ७ खोल्या. लोकवर्गणी जमली आहे. दोन वर्गांत ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोटाने चालणारा डिजिटल फळा), बाकी सगळीकडे रंग आणि नवे पंखे असं ठरलंय. दुकानदार कोटेशनवर कोटेशन पाठवतोय. पॅनल कोणता घ्यावा आणि इन्व्हर्टर केवढा लागेल, एवढंच सांगा. लवकर.

वायरमन_भुसावळ
मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने दिलेली मर्यादा, किती? वायरिंग किती जुनं? अर्थिंग शेवटचं कधी मोजलं? हे कळल्याशिवाय इन्व्हर्टर सांगता येणार नाही.

तापीपूर
छत स्लॅबचं की पत्र्याचं? गळतं का?

बोलका_फळा
रंग देताच आहात तर दाराखालच्या फरशीवर ०, ३०, ४५, ६०, ९० अंश आखून घ्या. दार उघडताना पोरांना कोन दिसतो. भिंतीचा खालचा ४ फुटांचा पट्टा ऑइल पेंटचा ठेवा, ओल्या फडक्याने पुसता येतो.

गिरणाकाठ
स्लॅब आहे. दोन खोल्यांत पावसाळ्यात थोडं गळतं, एका जागी सळई दिसते. पण पॅनल त्या खोल्यांत नाहीत. बिलावर भार १ किलोवॉट. अर्थिंग असेलच.

तापीपूर
सळई दिसते म्हणजे काम रंगाचं नाही, स्लॅबचं आहे. पाणी झिरपून सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. ते पोरांच्या डोक्यावर पडतं. सगळ्या खोल्यांचं छत खालून हातोडीने हलकं ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा. सुटलेलं सगळं काढा, सळईच्या मागेही बोट जाईल इतकं. तारेच्या ब्रशने गंज काढून झिंक प्रायमर, मग जुनं-नवं धरून ठेवणारा बाँडिंग कोट, मग पॉलिमर मॉर्टर (चिकट सिमेंटचा मसाला). एका वेळी १०-१२ मिमीपेक्षा जाड थर नको, लोंबतो. सळई जागोजाग बारीक झाली असेल तर गवंड्याच्या भरवशावर राहू नका, अभियंत्याला बोलवा.

आणि हे काम सकाळी १० च्या आत. आपल्याकडे मेच्या दुपारी मॉर्टरमधलं पाणी उडून जातं आणि भेगा पडतात. ओली पोती बांधून ठेवा.

कोबा_धुळे
खालून कितीही लिंपा, वरून विटांचा कोबा (वीट-तुकडे आणि सिमेंटचा जाड थर) केल्याशिवाय गळती थांबत नाही. कोबा करा, वर चायना मोझॅक, म्हणजे फरशीचे तुकडे, लावा, खोलीही थंड राहते.

तापीपूर
नव्या स्लॅबवर कोबा चांगलाच. गंजलेल्या स्लॅबवर नको. साडेचार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या वर जातं. २० बाय १८ च्या एका खोलीवर सात टन! इथे भेगा व्ही आकारात खोदून भरा, कठड्याच्या कोपऱ्याला गोलाई द्या, मग फायबर जाळीसह ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात, तेही पांढरे.

कोबा_धुळे
पाणी तुंबत असेल तर ते कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं. उताराचं काय?

तापीपूर
बरोबर, उतार आधी तपासायचा. शंभराला एक तरी हवा. खोलगट जागा तेवढ्या पॉलिमर मॉर्टरने भरा, पन्हळीचे ४ इंची पाईप मोकळे करा. शेवटी दोन इंच पाणी ४८ तास कोंडून बघा. एका खोलीला साधारण १७०० लिटर लागेल, टँकर सांगून ठेवा.

केळीबाग
भाऊ, पहिले पानी बंद करा, मंग बाकी बठ्ठं.

वायरमन_भुसावळ
आता हिशोब. ७ खोल्या, खोलीला ४ पंखे, ४ ट्यूब. साधे पंखे ७५ वॉटचे, म्हणजे २१००. ट्यूब ५६०. दोन पॅनल ३५० धरले तर ७००. झाले ३३६० वॉट आणि तुमचा भार १ किलोवॉट. ३५ वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घेतले तर २२४० वर येतं. तरी ३ किलोवॉटचा अर्ज आजच द्या.

‘अर्थिंग असेलच’ हे चालणार नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाईपभोवतीची माती सुटते आणि रोध वाढतो. म्हणून मोजायचं आत्ता, मे महिन्यात. ५ ओहमच्या आत यायला हवं. नसेल तर ३ मीटरचे दोन पाईप, एकमेकांपासून ६ मीटरवर, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती). मुख्य बोर्डावर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ओल आलेल्या भिंतीतल्या जुन्या वायरला नवे पंखे जोडू नका.

सोलर_नंदुरबार
इन्व्हर्टर कशाला? ३ किलोवॉट सोलर बसवा, दिवसाला १२ युनिट मिळतील, विषय संपला.

वायरमन_भुसावळ
साधं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं, सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं, वायरवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी तसंच केलेलं असतं. शाळेला हायब्रिड लागेल, बॅटरीसह. आणि दुरुस्त केलेल्या स्लॅबला स्टँडसाठी भोकं पाडणार का?

साक्री_गुरुजी
इमारत जि.प.ची आहे. वर्गणी गावाची असली तरी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, बांधकामच्या उपअभियंत्यांकडून पाहणी आणि अंदाजपत्रक करून घ्या. एखादी खोली धोकादायक ठरली तर दुरुस्ती नाही, निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडायचा, प्रस्ताव जातो. तिथे रंगाला एक रुपया घालू नका. हात धुण्याच्या जागा आणि शौचालयासाठी ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांसाठीचा) निधी चालतो, वर्गणी त्यात संपवू नका. रॅम्प बाराला एक उताराचा.

गिरणाकाठ
ठराव सोमवारी घेतो, स्लॅब आणि वायरिंग आधी. रंग पावसाळ्यानंतर. पण एक पॅनल तरी जूनमध्ये हवाय, आठवीचा वर्ग कोरडा आहे. तिथली भिंत मातीतल्या विटांची आहे. टांगू का?

वायरमन_भुसावळ
नाही. ७५ इंची पॅनल ५० किलोच्या आसपास भरतो, मातीच्या सांध्यात फास्टनर धरत नाही. चाकांना ब्रेक असलेला लोखंडी स्टँड घ्या. खालची कड जमिनीपासून ८०-९० सेंमी, म्हणजे पाचवीच्या पोरांचाही हात पुरतो. खिडकीसमोर ठेवू नका, दिवसभर चकाकेल. स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), आणि त्या एका पॅनलपुरता १ केव्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर पुरेल. ब्रँडपेक्षा कोटेशनमध्ये हे बघा: दुरुस्तीला माणूस शाळेत येईल असं लेखी आहे का, आणि इंटरनेटशिवाय धडे चालतात का. दुसरा पॅनल भार वाढून आल्यावरच घ्या.