ग्रास कटर तापला की बंद पडतो. प्लग की कॉईल? मदत हवी आहे

लांज्याजवळ आमची काजूची बाग आहे. बेणणी ग्रास कटरने करतो. मशीन ५२ सीसी, टू-स्ट्रोक, चार पावसाळे झालेलं. यंदा मात्र छळ मांडलाय. सकाळी तिसऱ्या दोरीला चालू होतं, वीसेक मिनिटं झकास चालतं आणि मग एकदम गप्प. आचके नाहीत, धूर नाही, कोणी बटण दाबल्यासारखं. त्यानंतर दोरी ओढून खांदा निखळायची वेळ येते. अर्धा तास सावलीत ठेवलं की पुन्हा शहाणं.

दुकानात नेलं की एकच उत्तर, प्लग गेला. महिन्यात तीन प्लग झाले. काढलेल्या तिन्हींची टोकं काळी आणि ओलसर. कोरडी काजळी नाही, बोटाला डांबरासारखं चिकटतं.

मी केलेले उद्योग: फिल्टरचा स्पंज धुतला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण सैल ठेवून चालवलं, फरक शून्य. प्लगचा गॅप ०.६५ मिमी आहे. प्लग टोपीत घालून बॉडीला टेकवला, दोरी ओढली, निळी ठिणगी दिसली. मग प्लग चांगलाच म्हणायचा ना? नवीन कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देते ती) घ्यायच्या आधी खात्री करायची आहे.

प्रतिसाद: ठिणगी थंड मशीनवर पाहिलीत की बंद पडल्या पडल्या? सगळी मेख तिथेच आहे. दुकानात पोचेपर्यंत मशीन निवलेलं असतं, नवा प्लग घातला की चालू होणारच, आणि श्रेय प्लगला! पुढच्या वेळी बागेतच प्लगपाना घेऊन उभे राहा. बंद पडताक्षणी प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, कार्बोरेटर बघा. ओला असेल तर तिथेच ठिणगी तपासा. प्लग रबरी मुठीच्या पकडीत धरा आणि भोकापासून लांब ठेवा, आत पेट्रोलची वाफ असते. सांडलेलं आधी पुसून घ्या. ठिणगी नसेल तर कोरा प्लग लावून बघा. तरीही नसेल तर बंद करायच्या बटणाची वायर कॉईलपासून सोडवा आणि पुन्हा बघा. ती वायर कुठे घासून बॉडीला लागत असली तरी हेच होतं.

प्रतिसाद: वरच्यांशी सहमत. एक भर: उघड्या हवेत ठिणगी पडली म्हणजे सिलिंडरच्या दाबाखालीही पडेलच असं नाही, तिथे जास्त व्होल्टेज लागतं. मल्टीमीटर असेल तर प्लगचं वरचं टोक आणि आटे यांच्यामध्ये ओहम मोजा. जोडणी दाखवता कामा नये. दाखवली तर प्लग शॉर्ट. आणि काळ्या चिकट टोकाचं कारण वेगळं दिसतंय. तेल किती घालता?

धागाकर्ता: पुस्तकात १:२५ आहे, म्हणजे लिटरला ४० मिली. गड्याला विचारलं तर म्हणाला, "जरा जास्तच ओततो, इंजिनाला बरं." डोक्यावर हात मारला.

आज बागेतच तपासलं. बंद पडल्यावर प्लग ओला, ठिणगी नाही. कोरा प्लग, ठिणगी नाही. बटणाची वायर सोडवली, तरी नाही. पाऊण तासाने त्याच जुन्या प्लगवर निळी ठिणगी! म्हणजे तापल्यावर कॉईलच दगा देते. मशीनची कॉईल मागवली आहे. चाकावरच्या मॅग्नेटपासून किती अंतरावर बसवायची?

प्रतिसाद: साधारण ०.३ मिमी, पुस्तकात आकडा दिला असेल तर तो धरा. मॅग्नेट कॉईलसमोर आणा, मध्ये व्हिजिटिंग कार्ड घाला, कॉईल मॅग्नेटला चिकटू द्या, दोन्ही स्क्रू आवळा आणि कार्ड ओढून काढा. चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. तेलासाठी गड्याच्या हातात खोकल्याच्या औषधाचं १० मिलीची खूण असलेलं झाकण द्या, लिटरला चार.