‘मिथॉस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : भयकथांवरच्या लेखात ‘क्थुलू मिथॉस’ असा शब्दप्रयोग येतो. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट आणि त्याचे लेखकमित्र यांनी एकमेकांचे देव, ग्रंथ, पात्रे वापरून लिहिलेल्या कथांना तो लावतात. ‘मिथॉस’साठी ‘दंतकथा’ चालेल का?

– दंतकथा नको. ती तोंडोतोंडी चालत येते, तिचा कर्ता कोणालाच ठाऊक नसतो. इथे प्रत्येक कथेवर लेखकाचे नाव आहे. ‘मिथक’ लिहा.

– पण मिथकामागे एखाद्या समाजाची श्रद्धा असते. लव्हक्राफ्टचा क्थुलू हा देव सरळसरळ रचलेला आहे, १९२८ साली ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात अवतरलेला. त्यामुळे ‘कल्पित’ हे विशेषण हवेच. ‘कल्पित पुराण’ कसे वाटते?

– ‘पुराण’ मोहात पाडते खरे. वेगवेगळ्या पुराणांत एकच कथा वेगळी सांगितलेली असते आणि कोणाला ते खटकत नाही. इथेही तसेच आहे. त्साथोग्वा हे दैवत लव्हक्राफ्टचा मित्र क्लार्क ॲश्टन स्मिथ याचे, पण स्मिथची कथा छापून यायच्या आधीच, ऑगस्ट १९३१मध्ये, ते लव्हक्राफ्टच्या कथेत झळकले. त्याच मंडळींतल्या रॉबर्ट ब्लॉकला तर लव्हक्राफ्टवर बेतलेले पात्र कथेत मारायचे होते. लव्हक्राफ्टने त्याला रीतसर परवानगीपत्र लिहून दिले. त्यावर साक्षीदार कोण? ‘नेक्रोनॉमिकॉन’ या कल्पित ग्रंथाचा कर्ता अब्दुल अलहझ्रेद आणि रॉबर्ट हॉवर्डच्या कथांमधला फॉन युन्ट्स! एकमेकांची पात्रे इतक्या मोकळेपणाने वापरणारी मंडळी मला फार आवडतात.

तरीही ‘पुराण’ म्हटले की धर्मग्रंथच डोळ्यांपुढे येतो. ‘मिथकविश्व’ हा शब्द हल्ली बराच दिसतो, पण ‘विश्व’ म्हणजे नीट लावलेली घडी. ती लव्हक्राफ्टने कधी बसवली नाही. १९३७मध्ये तो गेल्यावर त्याचा लेखकमित्र ऑगस्ट डर्लेथ याने ‘क्थुलू मिथॉस’ हे नाव रूढ केले आणि त्यात सुष्ट-दुष्टांचा झगडाही आणला. लव्हक्राफ्टच्या देवांना माणसाच्या बऱ्यावाईटाशी देणेघेणे नव्हते, भीती नेमकी त्याचीच होती. म्हणून मी कथांच्या समूहाला ‘कथाचक्र’ म्हणेन, आणि त्यातले देव, ग्रंथ, गावे यांना ‘सामायिक कल्पित मिथके’. उदा. ‘ही कथा क्थुलू कथाचक्रातली आहे’, ‘ब्लॉकने इथे लव्हक्राफ्टची मिथके वापरली आहेत’.

– पटले. ‘सामायिक’ऐवजी ‘सामुदायिक’ म्हटले तर?

– नको. सामुदायिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच वेळी केलेले, जशी सामुदायिक प्रार्थना. ही माणसे आपापल्या घरी एकेकटी लिहीत होती. मालमसाला तेवढा सामायिक होता.