आसूढाळ आहे म्हणून घोडी नाकारायची का?

गुऱ्हाळकर: कागलकडच्या आमच्या पाव्हण्यांची काठेवाडी घोडी विकायची आहे. कानांची टोकं एकमेकांना टेकतात, पाय स्वच्छ, गाडीला जुंपली तरी बुजत नाही. पण डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढा भोवरा आहे. बघायला येणारा प्रत्येक जण तिथं बोट ठेवतो, "आसूढाळ की हो" म्हणतो आणि चहा पिऊन जातो. अशी घोडी दावणीला आली की घरात रडारड होते म्हणे! भोवरा म्हणजे केसांची दिशा. शिंगरू पोटात असतानाच ती ठरते. त्यापायी गुणी जनावर पडेल भावानं जावं, हे मला पटत नाही.

शिंगणापूरचा: भावा, जुनी माणसं खुळी नव्हती. शालिहोत्र ऋषीपासून अश्वपरीक्षा चालत आली आहे, नकुलाच्या नावावर अश्वशास्त्र आहे. लढाईत जीव घोड्यावर अवलंबून, म्हणून केसन् केस तपासायचे. आणि नुसतं अशुभच सांगितलेलं नाही. गळ्याला देवमण नावाचा शुभ भोवरा असला की बाकीच्या खोडी माफ. माझ्या घरात लहान पोरं आहेत. मनात पाल चुकचुकली की त्या घोडीवर पोराला बसवणं होणार नाही.

गुऱ्हाळकर: देवमणानं लंगडा पाय बरा होतो का? आपल्याकडं चारी पाय आणि तोंड पांढरं असलं की पंचकल्याणी, त्याला केवढा मान! इंग्लंडातली जुनी समजूत बरोबर उलटी, चार पांढऱ्या पायांचा घोडा ठेवूच नये. मग खरं कुणाचं धरायचं?

वरातवाला: माझं पोट घोड्यावर आहे, म्हणून सांगतो. नवरदेवाची आत्या आधी घोड्याच्या डोळ्याखाली बघते, मग नवरदेवाकडं. ठरलेली वरात मोडली तर वैरणीचे पैसे कोण देणार? सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कितीबी शास्त्र सांगा, आसूढाळ दिसला की भाव पडतोच. विकताना पडणार ते घेतानाच पाडून घ्यायचं. ही अंधश्रद्धा न्हवं, व्यवहार आहे.

गुरांचा डॉक्टर: भोवऱ्यात काहीच नसतं, असंही म्हणू नका. अमेरिकेत जनावरांच्या वागण्याच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी १९९५ साली गुरांवर अभ्यास केला. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली जनावरं अडकवल्यावर जास्त बिथरत होती. कातडीचा वरचा पापुद्रा आणि मेंदू गर्भात एकाच थरातून बनतात, त्यामुळं असा धागा असू शकतो. पण हा जनावराच्या स्वभावाचा अंदाज झाला. मालकाच्या घरी काय होईल, हे त्यातून कसं कळणार?

बघायचंच असेल तर दुसरीकडं बघा. जन्मताना गडद आणि वयानं पांढरा होत गेलेला घोडा असेल तर शेपूट उचलून खालून हात फिरवा. म्हातारपणी तिथं बऱ्याचदा काळ्या गाठी येतात, त्या कर्करोगाच्या असू शकतात. वरातीत सगळ्यात जास्त मागणी त्याच पांढऱ्या घोड्याला! आणि कडक रस्त्यावर दुडक्या चालीनं पळवा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर झटकतो. हे लक्षण कधी फसवत नाही असं नाही, पण भोवऱ्यापेक्षा शंभर पटीनं कामाचं.

शिंगणापूरचा: डॉक्टर, रोमच्या ज्युलियस सीझरच्या घोड्याच्या पायांना माणसासारखी बोटं होती म्हणतात. त्याचा मालक जगावर राज्य करील असं जाणत्यांनी सांगितलं, आणि झालंच की तसं. लक्षणाला अर्थ असतोच.

गुऱ्हाळकर: त्याच सीझरला भर सभेत भोसकून मारलं, ते त्या बोटांत कुणाला दिसलं? घोड्याच्या पूर्वजांना जादा बोटं होती. पायाच्या नळीच्या दोन्ही अंगांना त्यांची बारीक हाडं आजही हाताला लागतात. एखाद्या शिंगरात ते बोट पुन्हा उगवतं, एवढंच.

वरातवाला: घोडी गाडीला शांत आहे म्हणता. शर्यतीवाल्यांना दाखवा, ते पाय बघतात, भोवरा कमी बघतात.

गुऱ्हाळकर: हे पटलं. रविवारी सकाळी डांबरी रस्त्यावर पळवून दाखवतो. शिंगणापूरकर, तुम्हीही या.

शिंगणापूरचा: येतो, पाय बघतो, चांगले असले तर चांगले म्हणून सांगतो. पण माझ्या दारात बांधणार नाही.