सोसायटीचा प्लास्टिक प्रकल्प: हा व्यवहार परवडतो का?

सिंहगड रोडकर: आमच्या सोसायटीत तीन महिने हौसेनं प्लास्टिक साठवलं. पार्किंगचा कोपरा गच्च भरला. काल टेम्पो बोलावला. भाडं 1500, माल विकून हाती आले 1130. म्हणजे 370 रुपये पदरचे घालून आम्ही पर्यावरण वाचवलं! दोन पोती तर वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनंच. भंगारवाल्यानं हात घालून बघितलं आणि पोती पुन्हा कोपऱ्यात ढकलली. जे विकतं ते तो एरवीही नेतो, जे उरतं त्याला गिऱ्हाईक नाही. मग मधे आपली लुडबुड कशाला?

जमाखर्च: साफ असहमत. तुम्ही नफा शोधताय, पण कचरा उचलायला खर्च हा येतोच. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोत गेला. गाडीचं डिझेल पालिकेचं, वास तिथल्या लोकांचा. ते बिल कुणाच्या नावावर फाडायचं? आणि बाटल्या चेपल्या होत्या का? नसतील तर तुम्ही हवेचं भाडं भरलंत.

सिंहगड रोडकर: नव्हत्या चेपल्या. कबूल.

दाणेवाला: मी भंगार प्लास्टिक वितळवून त्याचे पुन्हा वापरायचे दाणे करणाऱ्या कारखान्यात हिशोब लिहायचो. 2014 च्या मध्यात कच्चं तेल पिंपाला 100 डॉलरच्या वर होतं, जानेवारी 2016 मध्ये 30 च्या खाली. तेल पडलं की नवं प्लास्टिक स्वस्त, मग आमच्या दाण्यांना कोण विचारतो? वर ऑक्टोबर 2021 पासून प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी 5 चा 18 टक्के झाला. दुधाची पिशवी न धुता आली तर पाणी आणि मजुरी आमची. ज्या मालाचा भाव आखातात ठरतो, तो सोसायटीच्या हौसेवर चालत नाही.

कोथरूडची काकू: अहो, पण हौस हवीच कशाला? पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ आहे, कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. घरामागे महिन्याचं शुल्क, आणि भंगार विकून येतील ते पैसे वेचणाऱ्याचे. उचलण्याची मजुरी भंगाराच्या भावावर टांगलेली नाही, म्हणून गाडा चालतो. स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही 1130 कमावले नाहीत, दारात येणाऱ्या ताईंच्या गोणीतून काढून घेतलेत.

जमाखर्च: हे मात्र खरं. वेष्टनांचा भार कंपन्यांनीच उचलायला हवा, 2022 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत तशी उद्दिष्टं दिलीच आहेत.

दाणेवाला: कागदावर! उद्दिष्ट भरायला कंपन्या घेतात ते, प्लास्टिकवर प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र विकणार नोंदणी असलेला मोठा कारखाना. पार्किंगमधल्या दोन पोत्यांपर्यंत त्यातला रुपया पोचलेला दाखवा.

सिंहगड रोडकर: काकू, राग नाही. आज सकाळी ताईंनाच विचारलं, पुढच्या महिन्यापासून सगळं तुम्हीच न्याल का? म्हणाल्या, “बाटल्या द्या, पिशव्या द्या. ते चकचकीत तुमचं तुम्ही बघा.”