मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर तोंडात पांढरा थर

प्रश्न (डिचोली)
माझ्या वडिलांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले असून ते टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नियमित घेतात. काही दिवसांपासून त्यांच्या जिभेवर आणि गालांच्या आतील बाजूस दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर दिसतो. हुमण (माशाची आमटी) तर सोडाच, कोमट पेज घेतानाही तोंड झोंबते. ही बुरशी असावी का? फार्मसीतून फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध आणून सुरू केल्यास चालेल का?

प्रतिसाद (दंतवैद्य, फोंडा)
वर्णनावरून कँडिडा या बुरशीचा संसर्ग संभवतो. कँडिडा अल्बिकन्स अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही असते, मात्र औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की तिला आवर राहत नाही. गॉजने हलकेच पुसल्यावर थर निघून खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली जागा दिसणे, ही तिची ओळखीची खूण आहे. परंतु पांढरे काही दिसत नाही म्हणून बुरशी नाही, असे कृपया समजू नये. तांबड्या प्रकारात जीभ गुळगुळीत होऊन जळजळते, टाळू लाल होतो, आणि कवळी असेल तर हा लालपणा नेमका तिच्याखाली झाकला जातो. ओठांचे कोपरे चिरणे हेही याच संसर्गाचे लक्षण असू शकते. पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा मात्र प्रत्यक्ष तपासूनच घ्यावा. त्याची कारणे वेगळी आणि कधी गंभीर असतात.

प्रतिसाद (डॉक्टर, पणजी)
फ्लुकोनॅझोल स्वतःहून मुळीच सुरू करू नये, ही कळकळीची विनंती. शरीरातील ज्या एन्झाइममुळे टॅक्रोलिमसचे विघटन होते, त्यालाच हे औषध अडवते. परिणामी रक्तातील टॅक्रोलिमस वाढून प्रत्यारोपित मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. बुरशीवरच्या, चघळण्याच्या क्लोट्रिमॅझोल गोळ्यांनीही ही पातळी वाढू शकते. निस्टॅटिन या बुरशीविरोधी औषधाचे द्रावण आतड्यांतून जवळजवळ शोषले जात नसल्याने सौम्य संसर्गात ते सोयीचे ठरते, पण निर्णय प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांचाच असावा. गिळताना छातीत दुखत असेल, तर संसर्ग अन्ननलिकेत उतरल्याची शक्यता असते. तेव्हा थांबू नये.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बाबांना कवळी आहे आणि ते ती रात्रीही काढत नाहीत. उद्याच त्यांना बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) नेतो.

प्रतिसाद (दंतवैद्य, फोंडा)
कवळी सोबत न्यावी आणि आजपासून रात्री काढून, घासून, स्वच्छ करून ठेवावी. तिच्यावर बुरशी राहिली तर औषधानेही संसर्ग पुन्हा उलटतो. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने चूळ भरत असल्यास निस्टॅटिन त्याच वेळी घेऊ नये, कारण दोन्ही एकमेकांचा प्रभाव घटवतात.