अणुबाँब आधी विज्ञानकथेत अवतरला, या म्हणण्यात तथ्य किती?

प्रश्न: जिज्ञासा_कराड

सर्वांना नमस्कार. विज्ञान दिनानिमित्त आमच्या वाचनालयात विज्ञानकथा आणि युद्ध या विषयावर मला बोलायचे आहे. तयारी करताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. पहिली अशी, की एच. जी. वेल्स यांनी १९१४ मध्येच ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत अणुबाँबचे वर्णन केले होते आणि ती वाचूनच लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाला शृंखला अभिक्रियेची, म्हणजे एकातून दुसरी अशी आपोआप वाढत जाणाऱ्या अणूंच्या अभिक्रियेची, कल्पना सुचली. दुसरी अशी, की १९४४ मध्ये एका अमेरिकी मासिकातल्या कथेत अणुबाँबची इतकी अचूक माहिती होती, की लष्करी गुप्तचर थेट संपादकाच्या कार्यालयात जाऊन धडकले. दोन्ही गोष्टी फार रंजक आहेत आणि म्हणूनच त्या जशाच्या तशा श्रोत्यांपुढे मांडायला मन धजत नाही. समोर शाळकरी मुलेही असतील. कथाकाराने बाँब शोधला आणि शास्त्रज्ञांनी तो नुसता बनवला, अशी समजूत घेऊन ती घरी जाऊ नयेत. यात खरे किती आणि मागाहून जोडलेले किती, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर: भौतिकी_निवृत्त

कादंबरीपासून सुरुवात करतो, कारण तिचा मजकूर पाहिला की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. वेल्स यांनी ती फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाच्या रेडियमवरील पुस्तकाच्या आधारे लिहिली आणि अर्पणपत्रिकेत ते ऋण मान्यही केले. रेडियमसारख्या मूलद्रव्यातून ऊर्जा संथपणे, शतकानुशतके बाहेर पडत राहते. हा वेग माणसाला वाढवता आला तर काय होईल, हा सॉडी यांच्या लेखनातून उभा राहणारा प्रश्न होता आणि वेल्स यांनी त्याचे उत्तर युद्धाच्या रूपात दिले.

त्यांचा बाँब मात्र आपल्या ओळखीचा नाही. तो दोन फूट व्यासाचा काळा गोळा आहे. उघड्या विमानातला सैनिक त्याच्या दोन मुठी धरून तो उचलतो, मुठींच्या मध्ये असलेली सेल्युलॉइडची लहानशी खुंटी दातांनी तोडतो, म्हणजे आत हवा शिरते, आणि मग गोळा हातांनी खाली टाकतो. जमिनीवर पडल्यावर तो एकदाच फुटून संपत नाही, तर ज्वालामुखीसारखा धगधगत राहतो. त्यातल्या ‘कॅरोलिनम’ या काल्पनिक मूलद्रव्याचे अर्धायुष्य (निम्मा पदार्थ क्षय पावायला लागणारा काळ) १७ दिवसांचे आहे आणि त्यामुळे उद्ध्वस्त शहराजवळ कोणाला फिरकता येत नाही. न्यूट्रॉन (अणुकेंद्रकातला विद्युतभार नसलेला कण) नाही, शृंखला अभिक्रिया नाही, युरेनियमचे विखंडन (अणुकेंद्रक फुटणे) नाही. न्यूट्रॉनचा शोधच १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी लावला, तेव्हा १९१४ च्या कादंबरीत तो सापडण्याचा प्रश्नच येत नाही.

आता झिलार्ड. मूळचे बुडापेस्टचे हे पदार्थवैज्ञानिक १९३२ मध्ये बर्लिनमध्ये असताना त्यांनी ही कादंबरी वाचली. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ च्या वसंतात त्यांनी बर्लिन सोडले आणि ते पुढे लंडनला पोहोचले. ११ सप्टेंबर १९३३ रोजी लेस्टर येथील परिषदेत नामवंत अणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड यांनी असे प्रतिपादन केले, की अणूंच्या रूपांतरातून ऊर्जेचा स्रोत मिळेल अशी अपेक्षा धरणे हा निव्वळ कल्पनाविलास आहे. दुसऱ्या दिवशीच्या ‘टाइम्स’मधला तो वृत्तांत वाचून झिलार्ड अस्वस्थ झाले. एखादी गोष्ट कधीच होणार नाही, असे कोणी ठामपणे म्हणणे त्यांना सहन होत नसे. त्यांच्याच आठवणीप्रमाणे, साउदॅम्प्टन रो या रस्त्यावर सिग्नलपाशी ते थांबले असता त्यांना असे सुचले, की न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्यामुळे अणुकेंद्रक त्याला दूर लोटत नाही. तेव्हा एक न्यूट्रॉन शोषून दोन न्यूट्रॉन बाहेर टाकणारे मूलद्रव्य सापडले आणि ते पुरेशा प्रमाणात जमवता आले, तर अभिक्रिया आपोआप वाढत जाईल. यात रदरफर्ड यांचे भाषण आहे, चॅडविक यांचा न्यूट्रॉन आहे, रसायनशास्त्रात आधीपासून परिचित असलेली शृंखला अभिक्रियेची संकल्पनाही आहे. वेल्स या तर्कात कुठेही बसत नाहीत. झिलार्ड यांनी स्वतःच म्हटले आहे, की कादंबरीचा आपल्यावर मोठा परिणाम झाला, परंतु वाचताना ती केवळ कथाच वाटली आणि असे खरोखर घडू शकेल का, याचा विचार तेव्हा मनात आला नाही.

म्हणून ‘कादंबरी वाचून कल्पना सुचली’ हे वाक्य व्याख्यानातून वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर: जुनी_पाने

भौतिकी_निवृत्त यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण ते वाक्य वगळून तिथेच थांबलो तर या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हातचा निसटेल. कादंबरीने झिलार्ड यांना भौतिकशास्त्र दिले नाही. त्या भौतिकशास्त्राचे परिणाम काय होतील याचे चित्र मात्र तिनेच दिले, आणि त्या चित्राने त्यांच्या पुढच्या कृती ठरवल्या.

झिलार्ड यांनी १९३४ मध्ये शृंखला अभिक्रियेसाठी ब्रिटनमध्ये पेटंटचा अर्ज केला. पेटंट मंजूर झाले की ते सर्वांसाठी खुले होते, आणि तेच त्यांना नको होते. पुढे त्यांनी कारण सांगितले ते असे, की याचा अर्थ काय होईल हे आपल्याला ठाऊक होते, आणि ठाऊक होते ते वेल्स वाचल्यामुळे. पेटंट गुप्त ठेवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे ते सरकारच्या स्वाधीन करणे. त्यांनी ते प्रथम ब्रिटिश युद्धखात्याला देऊ केले, तर आपल्या दृष्टीने ते गुप्त ठेवण्याचे काही कारण दिसत नाही, असे उत्तर १९३५ मध्ये आले. अखेर १९३६ मध्ये नौदलाने ते स्वीकारले. कोणते मूलद्रव्य चालेल हे तेव्हा खुद्द झिलार्ड यांनाही माहीत नव्हते. बेरिलियमवर त्यांची भिस्त होती आणि ती चुकीची ठरली. युरेनियमचे विखंडन ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना १९३८ च्या डिसेंबरात आढळले. म्हणजे बाँब शक्य आहे हे सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी, केवळ त्याच्या संभाव्य परिणामांच्या भीतीने एक शास्त्रज्ञ आपला शोध कुलपात ठेवू पाहत होता. मार्च १९३४ मध्ये त्यांनी उद्योगपती ह्यूगो हर्स्ट यांना त्याच कादंबरीतली काही पाने पाठवली आणि या बाबतीत शास्त्रज्ञांपेक्षा लेखकांचे भाकीत अधिक अचूक ठरण्याची शक्यता आहे, अशा आशयाचे पत्र सोबत जोडले.

राजकारण्यांकडेही पाहावे लागेल. विन्स्टन चर्चिल हे वेल्स यांचे उत्साही वाचक होते आणि दोघांचा परिचयही होता. १९२४ मधल्या एका लेखात चर्चिल यांनी असा प्रश्न उपस्थित केला होता, की संत्र्याएवढा एखादा बाँब हजार टन स्फोटकांची शक्ती एकवटून एका फटक्यात अख्खे गाव उडवून देऊ शकणार नाही का? ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटनच्या अणुबाँब प्रकल्पाला पुढे जाऊ देण्याचा निर्णय याच माणसाने पंतप्रधान म्हणून घेतला. त्यांना सल्ला देणारे फ्रेडरिक लिंडेमान यांनीच झिलार्ड यांचे पेटंट नौदलापर्यंत पोहोचवण्यास मदत केली होती. कथेचा धागा निर्णय घेणाऱ्यांच्या इतक्या निकट जातो, हे श्रोत्यांना जरूर सांगावे.

उत्तर: अंक_संग्राहक

दुसऱ्या गोष्टीविषयी मी लिहितो. ती घडली आहे, मात्र तिच्याभोवती पुष्कळ दंतकथा साचलेल्या आहेत.

मासिकाचे नाव ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’, अंक मार्च १९४४ चा, कथा ‘डेडलाइन’ आणि लेखक क्लीव्ह कार्टमिल. कथा म्हणून ती सामान्य आहे. एका दूरच्या ग्रहावर दोन पक्षांचे युद्ध चालू आहे, पात्रांना शेपट्या आहेत, आणि दोन्ही पक्षांची नावे ‘अ‍ॅक्सिस’ व ‘अलाइज’ या इंग्रजी नावांची अक्षरे उलट्या क्रमाने लिहून बनवलेली आहेत. शत्रूकडे असलेला अणुबाँब निकामी करण्यासाठी एक हेर शत्रूच्या मुलखात उतरतो. त्या ओघात युरेनियम-२३५ हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार) वेगळा करण्याविषयी आणि त्याच्या स्फोटाविषयी उघड चर्चा येते. ही गोष्ट छापली गेली तेव्हा टेनेसीतल्या ओक रिज येथे नेमका तोच समस्थानिक वेगळा करण्यासाठी प्रचंड कारखाने उभे राहिले होते आणि त्या कामाचा उच्चारही करायला बंदी होती.

८ मार्च १९४४ रोजी लष्करी गुप्तचर विभागाचे अधिकारी न्यूयॉर्कमध्ये संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटले. कॅम्पबेल स्वतः पदार्थविज्ञानाचे पदवीधर होते. तांत्रिक माहिती आपणच लेखकाला पुरवली आणि ती सर्व युद्धापूर्वी प्रसिद्ध झालेल्या साहित्यातून घेतली, असे त्यांनी सांगितले. दोघांमधला १९४३ च्या उन्हाळ्यातला पत्रव्यवहार या म्हणण्याला दुजोरा देतो. कार्टमिल कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच या गावी राहत असत. अमेरिकेच्या गुप्त अणुबाँब प्रकल्पाचे सांकेतिक नावही मॅनहॅटन, हा योगायोगच. त्यांच्यावर पाळत ठेवण्यात आली. कॅम्पबेल यांच्या परिचयातले रॉबर्ट हाइनलाइन आणि आयझॅक असिमॉव्ह हे लेखक तेव्हा फिलाडेल्फियात नौदलाच्या संशोधन केंद्रात नोकरीला होते, म्हणून त्यांच्याकडेही संशयाने पाहिले गेले. चौकशीतून माहिती फुटल्याचा कोणताही पुरावा निघाला नाही.

निघणार तरी कुठून? ५ मे १९४० च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये विल्यम लॉरेन्स यांनी युरेनियम-२३५ आणि त्याच्यातील प्रचंड ऊर्जा यांवर पहिल्या पानावर बातमी दिली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्येही त्यांचा मोठा लेख आला. कथेतली ‘गुप्त’ माहिती चार वर्षांपूर्वी नाक्यावरच्या वर्तमानपत्रवाल्याकडे मिळत होती. शिवाय कथेतल्या बाँबची रचना खऱ्या बाँबशी जुळत नाही आणि ती कोणी हुबेहूब बनवली असती तरी चालली नसती. म्हणून ‘अचूक माहिती’ हे शब्द बरोबर नाहीत. अधिकारी अस्वस्थ झाले ते निराळ्या कारणाने: जून १९४३ मध्ये सेन्सॉर कार्यालयाने देशभरातल्या संपादकांना अणुऊर्जा, युरेनियम आणि संबंधित विषयांवर काही छापू नये अशी गोपनीय विनंती केली होती, आणि तरीही ही कथा निघाली. हा विषय लोकांच्या बोलण्यात येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

कॅम्पबेल पुढे असे सांगत असत, की अणुविषयक कथा एकाएकी बंद केल्या तर नियमित वाचकांच्या ते लगेच लक्षात येईल, असे आपण अधिकाऱ्यांना पटवून दिले. हे त्यांचे कथन आहे आणि ते गोष्टी रंगवून सांगत, हे ध्यानात ठेवावे. लॉस अलामोस या प्रकल्पाच्या गुप्त प्रयोगशाळेच्या टपालपेटीवर मासिकाच्या वर्गणीदारांची गर्दी झालेली पाहून त्यांनी प्रकल्पाचा ठावठिकाणा ओळखला होता, ही प्रसिद्ध आख्यायिकाही त्याच प्रकारातली असून ती व्याख्यानात पुरावा म्हणून वापरू नये.

जिज्ञासा_कराड

तिघांचेही मनापासून आभार. माझ्या टिपणाचा आराखडाच आता बदलला आहे. एकच शंका उरते. ‘एकाएकी गप्प बसल्याने गुपित उघडे पडते’ हा कॅम्पबेल यांचा मुद्दा केवळ युक्तिवाद होता, की प्रत्यक्षात तसे कुठे घडले?

उत्तर: भौतिकी_निवृत्त

घडले, आणि तेही रशियात. झिलार्ड १९३९ पासून सहकाऱ्यांना विनवत होते, की न्यूट्रॉनविषयीचे निष्कर्ष छापू नका. पॅरिसच्या जोलिओ-क्युरी या शास्त्रज्ञाच्या गटाने त्या वेळी नकार दिला आणि ‘नेचर’मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४० मध्ये मात्र अमेरिकी नियतकालिकांनी अशा लेखांवर स्वेच्छेने बंधन घातले आणि विखंडनावरचे संशोधन छापून येणे जवळपास थांबले.

ग्यॉर्गी फ्लेरोव्ह या तरुण सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४० मध्ये कॉन्स्टँटिन पेत्रझाक यांच्यासोबत युरेनियमचे उत्स्फूर्त विखंडन शोधले होते. या शोधाची दखल परदेशात कोणी घेतली का, हे पाहण्याची त्यांना साहजिकच ओढ होती. १९४२ मध्ये हवाई दलात अधिकारी म्हणून व्होरोनेझ येथे असताना त्यांनी तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिके चाळली. दखल तर सोडाच, विखंडनावर काल-परवापर्यंत लिहिणाऱ्या नामांकित शास्त्रज्ञांची नावेच त्या अंकांतून नाहीशी झाली होती. इतकी माणसे एकाच वेळी हा विषय सोडून देतील हे शक्य नाही, तेव्हा त्यांचे काम गुप्त झाले असले पाहिजे, असा निष्कर्ष काढून त्यांनी एप्रिल १९४२ मध्ये थेट स्टालिन यांना पत्र लिहिले. सोव्हिएत प्रकल्प या एका पत्रामुळे सुरू झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण ब्रिटनमधल्या हेरांकडून मॉस्कोला आधीच बातम्या मिळत होत्या. तरीही कोरे राहिलेले रकाने वाचून गुपित ओळखणारा एक तरी वाचक होता, हे निश्चित.

आपल्याला एक सुचवतो. शक्य झाल्यास ५ मे १९४० च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पहिले पान आणि मार्च १९४४ च्या त्या मासिकाचे मुखपृष्ठ यांच्या मोठ्या प्रती करून भिंतीवर शेजारी शेजारी लावा आणि तारखा मुलांनाच वाचायला सांगा.