मदत हवी आहे: अँप कॅप्चरला इनपुट लेव्हल किती द्यायची?

मंडळी, दोन आठवडे एकाच गोष्टीत अडकलोय. मार्शल प्लेक्सी या जुन्या गिटार अँपचा टोन हवाय, एकीकडे मॉडेलर प्लगइन (अँपची सॉफ्टवेअरमधली नक्कल) आणि दुसरीकडे न्यूरल अँप मॉडेलर या प्लगइनमधे त्याच अँपचं कॅप्चर (खऱ्या अँपच्या रेकॉर्डिंगवरून शिकवलेलं मॉडेल), आणि जोरात वाजवलं तर कॅप्चर खरंच सरस वाटतं, पिक तारेला लागतानाचा तो खरखरीत 'टक्' मॉडेलरमधे येतच नाही. पण गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ४ वर आणला की मॉडेलर छान क्लीन होतो, कॅप्चर मात्र घोगरंच राहतं.

कॅप्चर फक्त हेडचं आहे, त्यात कॅब (स्पीकरचं खोकं) नाही, म्हणून दोन्हीनंतर एकच आयआर (कॅबच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) लावलाय. आवाजही सारखा केलाय, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, ऑडिओ इंटरफेसचा हाय-झी (गिटार थेट लावायचा) इनपुट, गेन शून्यावर. कॅप्चरच्या प्लगइनचा इनपुट ६ डीबी खाली घेतला तर क्लीन होतं, पण मग फुल व्हॉल्यूमला जीवच राहत नाही.

गिटार स्ट्रॅट, मधे पेडल नाही, ऐकतोय हेडफोनवर. फ्लॅटमधे खरा अँप शक्य नाही आणि नवीन काही घ्यायचं नाहीये. कॅप्चर म्हणजे नॉब्जच्या एकाच पोझिशनचा फोटो हे माहितीये, म्हणून कमी गेनचं दुसरं कॅप्चर नकोय, मला एकावरच व्हॉल्यूम नॉबने खेळायचंय.

इंटरफेसच्या मॅन्युअलमधे कमाल इनपुट १२ डीबीयू (सिग्नलच्या व्होल्टेजचं माप) लिहिलंय, पण कॅप्चरच्या फाइलमधे लेव्हलचा आकडाच नाही. अशा वेळी इनपुट किती डीबी ठेवायचा हे तुम्ही नेमकं कशावरून ठरवता?